हार्ड डिस्क बदलणे व संचालन प्रणालीची पुनर्स्थापना

हार्ड डिस्क बदलणे व संचालन प्रणालीची पुनर्स्थापना ही घरगुती संगणकाच्या देखभालीतील दोन परस्परसंलग्न कामे होत. पहिल्या कामात बिघडलेली, जीर्ण झालेली किंवा अपुरी पडू लागलेली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी बसवली जाते. दुसऱ्यात त्या कोऱ्या डिस्कवर विंडोज, लिनक्स यांसारखी संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, नव्याने बसवून संगणक पूर्ववत वापरण्याजोगा केला जातो. बोलीभाषेत या दुसऱ्या कामाला ‘विंडोज टाकणे’ किंवा ‘फॉरमॅट मारणे’ असे म्हणतात. वस्तुतः हे दोन शब्दप्रयोग समानार्थी नाहीत. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कचा एखादा भाग रिकामा करून नव्याने आखणे. संचालन प्रणाली बसवणे ही त्यानंतरची क्रिया. या दोहोंतील फरक ग्राहकाला न सांगितल्यामुळे अनेक घरांतील छायाचित्रे व लेखन कायमचे नष्ट होते.

डिस्क काढणे-बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. त्याआधी माहिती सुखरूप बाहेर काढणे आणि त्यानंतर मराठी लेखनाची सोय पूर्ववत करणे, ही दोन कामे अधिक वेळ व अधिक विचार मागतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, वीजपुरवठ्यातील चढउतार, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि मंद इंटरनेट यांमुळे या कामाला आणखी काही अटी जोडल्या जातात. प्रस्तुत लेखात सर्वसाधारण पद्धतीबरोबर या परिस्थितीचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांच्या त्या यंत्रात जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने पाच मेगाबाइट क्षमतेची सव्वापाच इंची डिस्क बाजारात आणली आणि हार्ड डिस्क मेजावरील संगणकाच्या आवाक्यात आली. आज घरगुती संगणकात एक टेराबाइटची डिस्क ही सामान्य गोष्ट आहे. रचनेचे तत्त्व मात्र मूळचेच राहिले आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगणारे शीर्ष माहिती वाचते व लिहिते. धुळीचा एक कण या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून हार्ड डिस्कचे झाकण घरी किंवा दुकानात उघडणे म्हणजे ती निकामी करणेच होय.

अलीकडे या फिरत्या तबकडीची जागा सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, घेत आहे. तिच्यात फिरणारा भाग नसतो. माहिती अर्धवाहक चिपांमध्ये साठवली जाते. जुन्या संगणकाचा वेग वाढवण्यासाठी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा सध्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि बिघाड नसतानाही डिस्क बदलण्यामागे बहुधा हेच कारण असते.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाचा वापर तालुक्याच्या गावांपर्यंत नेला. दुरुस्ती मात्र दुकानदारावर सोपवण्याची रीत कायम राहिली. दुकानात सुटे भाग जुळवून तयार केलेल्या संगणकाची हार्ड डिस्क ‘सी’, ‘डी’, ‘ई’ अशा विभागांत वाटून दिली जाई आणि ‘आपल्या फायली डी ड्राइव्हमध्ये ठेवा’ असा सल्ला मिळे. हा सल्ला अर्धाच खरा आहे. ‘सी’ विभाग फॉरमॅट झाला तर ‘डी’ वाचतो. पण दोन्ही विभाग एकाच तबकडीवर असल्याने डिस्क बिघडली की दोन्ही एकदमच जातात. एका घराच्या दोन खोल्यांत वाटून ठेवलेले धान्य घराला आग लागल्यावर वाचत नाही, तसाच हा प्रकार आहे.

बिघाडाची लक्षणे व निदान

हार्ड डिस्क बहुधा पूर्वसूचना देऊन बिघडते. संगणक सुरू होण्यास नेहमीपेक्षा फार वेळ लागणे, एखादी फाइल उघडताना सर्व काही गोठणे, फायलींची नावे विकृत दिसणे आणि ठरावीक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज येणे ही प्रमुख लक्षणे होत. यांपैकी टकटकीचा आवाज सर्वांत गंभीर मानावा. शीर्षाला आपली जागा सापडत नसल्याची ती खूण असते. असा आवाज येणारी डिस्क वारंवार चालू-बंद करून पाहणे हानिकारक ठरते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवल्याने ती चालू होते, अशी एक समजूत प्रचलित आहे. प्रत्यक्षात थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यात दमट हवेतील पाणी साचण्याचा धोका असतो.

एसएसडीची गोष्ट वेगळी. ती पुष्कळदा आवाज न करता, एका दिवसात आणि संपूर्णपणे बंद पडते. वेगासाठी एसएसडी घेणाऱ्याने आपल्या माहितीची दुसरी प्रत ठेवण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

आधुनिक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या यंत्रणेला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर ‘डिस्क्स’ ही आज्ञावली या नोंदी दाखवते. त्यांतील ‘रीअलोकेटेड सेक्टर’, म्हणजे निकामी ठरवून पर्यायी जागेवर हलवलेले कप्पे, आणि ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचता न आलेले पण अद्याप निकाली न काढलेले कप्पे, हे दोन आकडे पाहण्याजोगे आहेत. ते शून्यावरून वर चढू लागले की नवी डिस्क आणण्याची वेळ आली असे समजावे. आकडे शून्य असणे ही मात्र हमी नव्हे.

डिस्क खराब ठरवण्यापूर्वी दोन स्वस्त कारणे तपासणे आवश्यक असते. पहिले म्हणजे सैल झालेली किंवा उंदराने कुरतडलेली केबल. खेड्यातील घरांत कॅबिनेटच्या मागील उघड्या फटीतून उंदीर, पाली व मुंग्या आत शिरतात. दुसरे कारण मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल हे होय. हा सेल उतरला की संगणकाचे घड्याळ मागे जाते आणि बायोसमधील मांडणी मूळपदावर येते. डिस्कशी बोलण्याची पद्धत त्यामुळे बदलली, तर विंडोज सुरूच होत नाही व डिस्क गेल्याचा भास होतो. घड्याळ चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. काही रुपयांचा सेल बदलून जे काम भागले असते, त्यासाठी चांगली डिस्क काढून टाकल्याची आणि वर ‘फॉरमॅट’चे पैसे मोजल्याची प्रकरणे यातूनच घडतात.

चंद्रपूर–गडचिरोलीतील परिस्थिती

चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक. मे महिन्यात तेथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे. मेजावरील संगणकाच्या बहुतेक हार्ड डिस्क साधारणपणे ६० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. खोलीचेच तापमान चाळिशीत असेल, तर बंद कॅबिनेटमधील डिस्कला फारशी सवलत उरत नाही. दुपारच्या वेळी मोठ्या प्रती काढणे किंवा संचालन प्रणाली बसवणे टाळून ही कामे पहाटे अथवा रात्री करावीत, असे जुने जाणकार सांगतात ते याच कारणाने. विदर्भात सर्वत्र वापरला जाणारा पाण्याचा कूलर माणसाला सुखावतो, पण त्याचा दमट झोत थेट कॅबिनेटवर आला तर जोडांच्या पिना गंजतात. घुग्गुस, बल्लारपूर, राजुरा या कोळसा-पट्ट्यात हवेतील बारीक काळी धूळ पंख्यांवर व उष्णता-शोषकांवर बसते. सीलबंद डिस्कच्या आत ही धूळ जात नाही, परंतु कॅबिनेटमधील हवा खेळती राहत नाही आणि डिस्क तापते.

वीज हा दुसरा प्रश्न. चंद्रपूरजवळील महाऔष्णिक विद्युत केंद्र राज्यातील सर्वांत मोठ्या वीजकेंद्रांपैकी आहे. तरी त्याच परिसरातील जंगलातून गेलेल्या वाहिन्यांवर झाड पडले की गावे तासन्‌तास अंधारात राहतात. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फायलींची सूची अर्धवट राहते. पुनर्स्थापनेच्या मध्येच वीज गेली तर ती पहिल्यापासून करावी लागते. बायोसचे अद्ययावतीकरण चालू असताना गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. त्यामुळे घरगुती यूपीएस ही या भागात चैन नव्हे. तो काही मिनिटेच पुरतो, पण संगणक नीट बंद करण्यास तेवढी पुरेशी असतात. उन्हाळी सायंकाळी कूलर व पंपांमुळे दाब खाली उतरतो आणि यूपीएस वारंवार बॅटरीवर जातो. अशा वेळी काम हाती न घेणे बरे. जमिनीशी जोडणी, म्हणजे अर्थिंग, नसलेल्या घरांत कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. तेथे डिस्क बदलण्याआधी अर्थिंग करून घेणे अगत्याचे आहे.

मृगाच्या आधीच्या वादळांत वीज कोसळून होणारे नुकसान याहून वेगळे. यूपीएस किंवा साधी स्पाइक-पट्टी जवळ पडलेल्या विजेपासून संरक्षण देत नाही. प्लग सॉकेटमधून काढणे आणि त्याबरोबर मोडेमची तारही काढणे हाच उपाय आहे. ही दुसरी तार बहुतेक जण विसरतात.

अंतराचा प्रश्न मुख्यतः गडचिरोलीचा. रेल्वेमार्ग या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला देसाईगंज, म्हणजे वडसा, येथे स्पर्शून जातो. सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात वाहतूक खोळंबते. अशा ठिकाणी डिस्क बिघडल्यावर नवी मागवून ती हाती पडण्यास आठवडे लागू शकतात. म्हणून नव्या डिस्कपेक्षा आधीच काढून ठेवलेली प्रत महत्त्वाची. डिस्क बसने न्यावी-आणावी लागल्यास ती तिच्या चंदेरी स्थितिज-विद्युत-रोधक पिशवीत ठेवून वर फोम गुंडाळावा. बंद डिस्कमधील शीर्ष तबकडीपासून दूर विसावलेले असते आणि ती बरेच धक्के सहन करते. चालू स्थितीतील डिस्कला मेजावर बसलेला एक धक्काही पुरेसा होतो.

माहितीची सोडवणूक

डिस्क अद्याप वाचता येत असेल तर पहिले काम तिच्यावर काहीही न लिहिण्याचे. पुनर्स्थापना करून पाहणे, चेकडिस्क चालवणे, जागा मोकळी करण्यासाठी फायली पुसणे, हे तीनही उपाय मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर अपायकारक आहेत. सुरक्षित मार्ग असा, की पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स सुरू करावे, जुनी डिस्क केवळ वाचनासाठी जोडावी आणि फायली यूएसबीने जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. वाचनात वारंवार अडथळे येत असल्यास डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली उपयोगी पडते. ती आधी सुस्थितीतील भाग उचलते आणि खराब भागांकडे शेवटी वळते. पुसल्या गेलेल्या छायाचित्रांसाठी फोटोरेक वापरतात. फायलींची मूळ नावे मात्र तिच्याकडून परत मिळत नाहीत. एसएसडीवरील पुसलेली माहिती बहुधा परत मिळतच नाही, कारण मोकळे झालेले कप्पे ती स्वतःहून साफ करते.

काय आधी उचलायचे, याचा क्रम डिस्क चालू करण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवलेला बरा. मरणासन्न डिस्क किती वेळ साथ देईल हे सांगता येत नसल्याने पुन्हा मिळू शकणाऱ्या व न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सातबारा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. चित्रपट व गाणी इतरांकडे असतात. आज्ञावली पुन्हा बसवता येतात. घरातील मृत व्यक्तींची छायाचित्रे, स्वतःचे लेखन, मुलांचे आवाज, हिशेबाच्या वह्या ही दुसरीकडे कोठेही नसतात. काही घरांतील संगणकावर गावाचीही कागदपत्रे टंकलेली असतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी असे हक्क मिळवले. दाव्याचे पुरावे, ठरावांचे मसुदे, बांबू व तेंदूपानाच्या विक्रीचे हिशेब जेथे एखाद्या घरच्या संगणकावर ठेवले जातात, तेथे त्या डिस्कचे मोल त्या घरापुरते राहत नाही. अशा कागदांची एक प्रत दुसऱ्या गावात असणे इष्ट.

फायली शोधताना डेस्कटॉप आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे कप्पे ‘सी’ विभागातच असतात हे ध्यानात ठेवावे लागते. टॅलीसारख्या हिशेब-आज्ञावलीची माहिती, ईमेलचा संग्रह, ब्राउझरमधील खुणा व संकेतशब्द हे आडबाजूच्या, काही वेळा लपवलेल्या कप्प्यांत असतात आणि हमखास मागे राहतात. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर चार गिगाबाइटहून मोठी एकच फाइल मावत नाही. लग्नाच्या चित्रफिती उतरवताना ही अडचण येते.

विंडोजच्या अलीकडील आवृत्त्या काही संगणकांवर डिस्क आपोआप कूटबद्ध करतात. अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक मागितला जातो. हा क्रमांक वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेला असू शकतो. डिस्क चालू असतानाच तो कागदावर उतरवून घ्यावा. त्याच्याविना आतील माहिती कोणत्याही दुकानात निघत नाही.

डिस्क अजिबात दिसत नसेल आणि आतील माहिती अमूल्य असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून नागपूरसारख्या शहरातील विशेष प्रयोगशाळेकडे पाठवणे हा एकच मार्ग उरतो. तो खर्चीक असतो आणि यशाची खात्री नसते.

जुने मराठी फॉन्ट : एक विसरलेला धोका

मराठी वापरकर्त्याच्या बाबतीत सर्व फायली सुखरूप निघूनही लेखन हरवू शकते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि छपाईच्या क्षेत्रात त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टसंचांत टंकला जाई. या फायलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे नसतात. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. कृतीदेवात टंकलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. पुनर्स्थापनेनंतर फाइल उघडणाऱ्याला ती खराब झाली असे वाटते आणि तो ती पुसून टाकतो.

म्हणून जुनी डिस्क सोडण्यापूर्वी विंडोज कप्प्यातील ‘फॉन्ट्स’ हा उपकप्पा संपूर्ण उतरवून घेणे आवश्यक ठरते. ते काही क्षणांचे काम आहे. काही फॉन्टसंचांना संगणकाच्या मागे लावायची कुलूपवजा जोडणी, ‘डोंगल’, लागे. तिचे जुने रूप प्रिंटरच्या समांतर पोर्टमध्ये बसणारे होते आणि तो पोर्ट आजच्या संगणकात नसतो. टंकन-आज्ञावली नव्या प्रणालीवर चालली नाही तरी फॉन्टची फाइल असेल तर मजकूर वाचता येतो, आणि परिवर्तक आज्ञावलीने तो युनिकोडमध्ये आणता येतो. परिवर्तनात रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार यांच्या चुका राहतात. एकदा डोळ्यांखालून घालणे टळत नाही. झाडीबोलीतील लेखन किंवा झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता अशा फायलींत असतील, तर शुद्धलेखन-तपासनीस आज्ञावलीचा उपयोग होत नाही, कारण बोलीतील शुद्ध शब्दही तिला चूक वाटतात.

नव्या डिस्कची निवड

मेजावरील संगणकात साडेतीन इंची आणि लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क बसते. २००३ पासून बाजारात आलेली साटा जोडणी आज सार्वत्रिक आहे. त्यापूर्वीच्या रुंद फितीच्या आयडीई जोडणीसाठी नवी डिस्क मिळणे दुरापास्त झाले आहे. नव्या संगणकांत एम.२ आकाराची पट्टीवजा एसएसडी असते. दिसायला सारख्या असलेल्या एम.२ पट्ट्यांमध्ये साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार असल्याने मदरबोर्डला कोणता चालतो हे पाहूनच खरेदी करावी. वेगासाठी लहान एसएसडीवर संचालन प्रणाली आणि साठवणीसाठी मोठी हार्ड डिस्क ही जोडी अनेक घरांना परवडते. वापरलेल्या डिस्कवर नवे लेबल लावून विकण्याचे प्रकार होतात. खरेदीनंतर ‘स्मार्ट’ नोंदीतील चालू तासांचा आकडा पाहिला की खरे वय कळते.

डिस्क बसवणे

संगणक बंद करून प्लग काढल्यावर चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरतात. त्याने आत उरलेली वीज उतरते. कोरड्या उन्हाळ्यात शरीरावर स्थितिज विद्युत साचते, म्हणून आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. साटाची माहिती-केबल सात पिनांची आणि वीज-केबल पंधरा पिनांची असते. दोन्हींचे तोंड इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे असल्याने त्या उलट्या बसत नाहीत. जोर मात्र लावू नये. हार्ड डिस्क दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळली पाहिजे. कॅबिनेटमध्ये ती सैल लोंबत ठेवल्यास कंपनाने तिचे आयुष्य घटते. लॅपटॉपमध्ये आधी बॅटरीची जोडणी सोडवावी लागते आणि लहान-मोठे स्क्रू कोठून निघाले याची नोंद ठेवावी लागते.

संचालन प्रणालीची स्थापना

संचालन प्रणाली आता बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवरून बसवतात. विंडोजसाठी किमान आठ गिगाबाइटचा ड्राइव्ह लागतो. विंडोज ११ ची स्थापना-फाइल पाच गिगाबाइटहून मोठी आहे. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाच्या जोडणीवर पाच गिगाबाइट उतरवण्यास साडेपाच तास लागतात, आणि तेही मध्ये खंड न पडल्यास. त्यामुळे दुर्गम तालुक्यांत असा एक ड्राइव्ह आधीच तयार करून ठेवणे शहाणपणाचे असते. तो कोणाकडून उसना घेतला तर त्यावरील प्रणाली अधिकृत स्रोतातून उतरवलेली आहे ना, हे विचारावे. ‘क्रॅक’ केलेल्या विंडोजबरोबर व्हायरस फुकट येतात.

प्रणालीची निवड संगणकाच्या वयावर अवलंबून असते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान चार गिगाबाइट रॅम व ६४ गिगाबाइट जागा लागते. अनेक सुस्थितीतील जुने संगणक पहिल्याच अटीत नापास होतात. ते भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली बसवता येते. टॅली, जुनी मराठी टंकन-आज्ञावली किंवा विशिष्ट प्रिंटर यांवर घरचा व्यवसाय चालत असेल तर मात्र लिनक्सकडे जाण्यापूर्वी थेट चालणाऱ्या ड्राइव्हवरून आठवडाभर वापरून पाहावे.

ज्या संगणकाला विंडोजचा अधिकृत परवाना होता, त्याचा परवाना डिस्क बदलल्याने जात नाही. विंडोज १० पासूनचा अंकीय परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि तीच आवृत्ती बसवून इंटरनेट जोडल्यावर तो आपोआप लागू होतो. या कारणासाठी ग्राहकाकडून पुन्हा परवान्याचे पैसे घेणे अनुचित आहे.

स्थापनेच्या वेळी घडणारा सर्वांत मोठा अपघात म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाणे. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशी नावे व आकार एवढेच दिसते. सारख्या आकाराच्या दोन डिस्क जोडलेल्या असतील तर जुनी कोणती हे ओळखणे कठीण जाते. म्हणून स्थापना पूर्ण होईपर्यंत जुन्या डिस्कची आणि प्रती ठेवलेल्या डिस्कची केबल काढून ठेवावी. याचा आणखी एक लाभ होतो : विंडोज आपला आरंभ-विभाग चुकून जुन्या डिस्कवर लिहीत नाही. तसे झाले तर पुढे जुनी डिस्क काढताच नवा संगणक सुरू होत नाही.

संगणक सुरू होताना एफ२, एफ१२ किंवा डिलीट कळ दाबून पेन ड्राइव्हची निवड केली जाते. नव्या यूईएफआय पद्धतीत डिस्क जीपीटी प्रकाराने आखतात. जुना एमबीआर प्रकार दोन टेराबाइटच्या पुढची जागा हाताळू शकत नाही. कोऱ्या डिस्कवर विभाग पाडण्याचे काम स्थापक स्वतः करतो. स्थापना झाल्यावर प्रथम जाळेजोडणीचा ड्रायव्हर बसवावा लागतो, कारण तो नसेल तर बाकीचे उतरवता येत नाहीत. इंटरनेट नसलेल्या घरी जाताना हा एक ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर सोबत नेण्याची सवय दुरुस्ती करणाऱ्यांनी ठेवावी.

मराठीची पुनर्स्थापना

विंडोज एक्सपीच्या काळात देवनागरी दिसण्यासाठी गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे. आताच्या प्रणालींत देवनागरी आपोआप दिसते. कळफलक मात्र जोडावा लागतो. भाषेच्या यादीत मराठी घेतल्यावर इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. टंकलेखन-यंत्राच्या किंवा उच्चाराधारित पद्धतीची सवय असणाऱ्यांनी आपली जुनी पद्धत कोणती होती हे पुनर्स्थापनेपूर्वीच लिहून ठेवावे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला बदललेल्या कळफलकावर बसवणे म्हणजे तिचे लेखन बंद पाडणे होय, आणि दुकानदाराच्या यादीत या कामाला स्थान नसते. ‘अ‍ॅ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आले. जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो.

गोंडी भाषक घरांसाठी आणखी एक पायरी आहे. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली समाविष्ट झाली. या लिप्यांतील मजकूर पाहण्यासाठी नोटो मालिकेतील त्या त्या लिपीचे मुक्त फॉन्ट बसवता येतात. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या माडिया व गोंडी मजकुराला अशी तजवीज लागत नाही.

जुन्या डिस्कची विल्हेवाट

नव्या डिस्कवरील सर्व फायली एकेक प्रकारानुसार उघडून पाहीपर्यंत, निदान महिनाभर, जुनी डिस्क पुसू नये. विसरलेला कप्पा याच काळात आठवतो. डिस्क चालू स्थितीत असेल तर यूएसबी पेटीत घालून ती दुय्यम प्रतीसाठी वापरता येते. ‘स्मार्ट’ आकडे वाढलेली डिस्क मात्र या कामाला घेऊ नये.

टाकून देण्यापूर्वी केवळ फॉरमॅट करणे पुरेसे नसते, कारण जलद फॉरमॅटने सूची पुसली जाते, मजकूर नाही. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि स्वाक्षरी यांच्या प्रती अशा डिस्कवरून सहज निघतात. हार्ड डिस्कच्या संपूर्ण पृष्ठभागावर एकदा शून्ये लिहिणे घरगुती गरजेला पुरते. एसएसडीसाठी निर्मात्याची सुरक्षित पुसण्याची सोय वापरतात. चालूच न होणाऱ्या डिस्कच्या तबकड्या फोडाव्या लागतात; लॅपटॉपच्या काही तबकड्या काचेच्या असल्याने डोळ्यांवर चष्मा हवा. भंगारवाल्याकडे गेलेले सर्किट अनेकदा तांब्यासाठी जाळले जाते व विषारी धूर होतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच जाणे अपेक्षित आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील गावांतून एकेक डिस्क त्यासाठी शहरात पाठवणे व्यवहार्य नसते. गावातील निकामी डिस्क, सेल व चार्जर एका पेटीत कोरड्या जागी साठवून वर्षातून एकदा एकत्र पाठवणे शक्य असते.